हवेची खबर

चाकातली हवा डोळ्यांना दिसत नाही, आणि रेडियल टायर तर या बाबतीत फारच लबाड. पोट थोडं सुटलेलं असणं हा त्याचा मूळचाच बांधा, त्यामुळे पाव हिस्सा हवा उतरली तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. बुटाने लाथ मारून ‘ठीक आहे’ म्हणणारे महाभाग आपल्याकडे पुष्कळ. ढाब्यावर थांबलेल्या ट्रकचा क्लीनर मात्र टॉमी घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारतो आणि कान देतो. भरलेलं चाक टणकारतं, उतरलेलं बद्द वाजतं. त्या कानावर माझा विश्वास आहे.

आता हे काम डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा करतो. टायरचा आडवा छेद आणि मधोमध उद्गारचिन्ह. तो स्थिर पेटला तर कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे. पण गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर त्याचं म्हणणं निराळं असतं: हवा किती आहे, हेच मला कळेनासं झालंय. आपल्याला कळत नाही हे इतकं सरळ सांगणारं यंत्र मला आवडतं, आणि म्हणूनच त्यावर काळी चिकटपट्टी लावून मोकळे होणाऱ्यांचा राग येतो.

माझ्या गाडीचा दिवा लुकलुकू लागला तो ऐन डिसेंबरात. थंडीत पहाटे पेटून दुपारी विझणारा दिवा बिघाडाचा नसतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो, एवढंच. इथे तसं नव्हतं. ‘अहो, सोडून द्या, सगळ्यांच्याच गाडीत लागतो,’ असं सोसायटीतल्या जाणकारांनी सांगितलं. मी आधी गाडी रात्रभर उभी ठेवून गार चाकांची हवा मोजली. दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेला आकडा चारही चाकांत बरोबर निघाला. मग डॅशकॅम आणि स्वस्तातला चार्जर काढून पाहिला. चाकातला सेन्सर रेडिओलहरींवर बोलतो आणि अशा उपकरणांची खरखर कधीकधी त्याचा आवाज दाबून टाकते. दिवा लुकलुकतच राहिला.

शेवटी हमरस्त्यालगतच्या टायरच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने हातातलं एक यंत्र एकेका वॉल्व्हपाशी धरलं. उभ्या गाडीत सेन्सर सेल वाचवायला झोपून असतो, त्याला असं हलवून जागं करावं लागतं. तीन चाकांनी ओ दिली. मागचं डावं चाक गप्प.

‘काका, सेल गेला,’ तो म्हणाला.

‘मग सेल बदल ना.’

‘बदलता येत नाही. अख्खाच बदलायचा.’

त्याने वॉल्व्हची पिन काढली. गार हवेचा लांब फुसकारा, त्यात रबराचा कोंदट वास. सेन्सर मोडू नये म्हणून वॉल्व्हपासून दूरच्या बाजूने त्याने टायरची कड रिमपासून सोडवली. आत काळ्या पोकळीत वॉल्व्हच्या मुळाशी तो बसला होता, काडेपेटीपेक्षा लहान. सेल राळेत कायमचा बुजवलेला. पाच ते दहा वर्षांचं त्याचं आयुष्य. ऊन, खड्डे, घाटातले ब्रेक यांत ते संपलं होतं. बाहेर वॉल्व्हवर पांढुरकी भुकटी धरली होती. अ‍ॅल्युमिनियमच्या वॉल्व्हमध्ये कुणी साधी पितळी पिन बसवली की ओलीत ते दोन धातू एकमेकांना खातात. तिथे निकेलचा मुलामा दिलेली पिन लागते. पोराने ती न सांगता बसवली. अशी माणसं भेटली की दिवस चांगला जातो. नव्या सेन्सरचा क्रमांक गाडीला ओळखवून दिला, थोडं अंतर चालवली, आणि दिवा विझला.

काही गाड्यांत असा सेन्सर नसतोच. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, ते थोडं जास्त फिरतं, आणि एबीएस तेवढ्यावरून अंदाज बांधतं. तिथे हवा भरल्यावर रीसेट केलं नाही, तर बिचारं जुन्याच मापाने नवं मोजत बसतं.

ही सगळी उठाठेव अपघातांतून आली. फायरस्टोनच्या टायरांचे थर सुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटल्या, माणसं गेली, तेव्हा अमेरिकेने २००० साली कायदा केला. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा दिवा सक्तीचा झाला. आपल्याकडे २०२० साली नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेवर नजर ठेवणारी ही यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल, तर मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे काही गाड्यांत हा दिवा आहे म्हणून पाचवं चाक काढून घेतलेलं आहे. तुमची गाडी त्यातली आहे का, हे एकदा डिकी उघडून बघा. असेल, तर लुकलुकणारा दिवा महिनोन्‌महिने अंगावर काढू नका.