पुन्हा डाउनलोड न होणारं काही

घराण्यात एक जण सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला, की सगळ्या नातेवाइकांचे लॅपटॉप त्याचेच. मी दिवसभर कोड लिहितो, पण आत्याच्या लेखी मी ‘कम्प्युटर दुरुस्त करणारा’ आहे. माझी तक्रार नाही. होस्टेलमधली माझी बरीच ठाम मतं या लॅपटॉपांनीच मोडीत काढली.

तेव्हा विंडोज की लिनक्स, यावर आम्ही रात्र रात्र भांडायचो. आता वाटतं, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे भाड्याचं घर. जमेल तोवर राहायचं, नाहीतर सामान उचलायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आत्येभावाचा २०१६ चा लॅपटॉप त्या चाळणीतून खाली पडला. स्क्रीन ठणठणीत, कीबोर्ड ठणठणीत, तरी म्हातारा ठरला. मी त्यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि लिनक्स मिंट चढवलं.

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरची योग्य जागा गाठायला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काही नसतं. तिथे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. जुनं मशीन ‘स्लो’ असतं, तेव्हा बऱ्याचदा ते बिचारं तबकडीची वाट बघत बसलेलं असतं. वहिनी आता त्यावर क्लासची कामं करते. ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव तिने अजून विचारलेलं नाही.

अँटिव्हायरसबद्दलही तेच. दुकानदार लॅपटॉपसोबत वर्षभराचं पाकीट गळ्यात मारतो. पण विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. खरं काम अपडेटचं असतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला, तेव्हा तो ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. आणि पहारेकरी स्वतः अडखळला तर? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. असली सॉफ्टवेअर सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालतात. तिथे ठेच लागली की सगळंच कोसळतं. शिवाय फोनवरच्या ‘साहेबां’च्या सांगण्यावरून आपणच स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकलं, तर कुठला अँटिव्हायरस काय करणार? दार आपणच उघडलेलं असतं.

पण हे सगळं बिघडलं तरी परत मिळतं. विंडोज पुन्हा टाकता येते, लिनक्स तर फुकटच आहे. आजीच्या ओव्या कुठून डाउनलोड करणार?

आत्याने तिच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. चाळीसेक असतील. फोन बदलताना त्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर गेल्या आणि डिस्क कपाटात गेली. सगळ्यांना वाटलं, बॅकअप झाला. आजी गेल्यानंतर ती डिस्क लावली, तर आतून नुसतं टकटक. डेटा रिकव्हरीवाल्याला अकरा फाइल्स काढता आल्या. आत्या काही बोलली नाही. बिल मात्र तिने जपून ठेवलंय.

एकच प्रत असेल, तर तो बॅकअप नव्हे. मग ती कितीही महागड्या डिस्कवर असो. एसएसडीही वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातला चार्ज गळत जातो. क्लाउडवर नुसतं सिंक असेल, तर इथे डिलीट केलेलं तिथूनही जातं. जुना नियमच बरा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आणि वर्षातून एकदा त्या उघडून बघायच्या, कारण न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत.

आता कुणी लॅपटॉप आणला, की रॅम किती हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘यात असं काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही?’ माणसं क्षणभर गप्प होतात. मग आठवतं: बाबांचे स्कॅन केलेले कागद, बाळाचा पहिला व्हिडिओ, अर्धवट प्रबंध.

आजीच्या अकरा ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. सगळ्या मिळून चाळीस एमबीसुद्धा नाहीत.