ऐन पेरणीत घर सोडलेला शेतकरी

ऑस्ट्रेलियात मे-जूनला थंडी पडू लागली की दक्षिणेकडची साठी ओलांडलेली जोडपी गाडीमागे चाकांचं घर जोडतात आणि उत्तरेच्या उबेला निघतात. दोन-दोन, तीन-तीन महिने घरी फिरकत नाहीत. तिथे त्यांना ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयतांनी बारा दिवस या भटक्यांच्या संगतीत काढले. मुलगी-जावई ॲडलेडला असतात. त्यांनीच एक व्हॅन भाड्याने घेऊन दिली. मागे झोपायला गादी, बाजूला गॅसची शेगडी, खाली पाण्याची टाकी. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, त्यामुळे ती चिंता नव्हती. सौ.ने भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ, बेसन आणि लाल तिखट घेतलं आणि आम्ही उत्तरेचा रस्ता धरला.

दोन-अडीच तास नुसती गव्हाची रानं लागली. बांध म्हणून नाही, माणूस म्हणून नाही. मग ओरोरू नावाच्या गावापाशी रानांचा रंग बदलतो आणि गॉयडरची रेघ येते. ही रेघ जमिनीवर दिसत नाही, नकाशावर आहे. पण तिची हकीकत प्रत्येक जिरायत शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे.

१८६५ साली त्या भागात मोठा दुष्काळ पडला होता. जॉर्ज गॉयडर हे तिथल्या भूमापन खात्याचे मुख्य. दुष्काळ कुठवर पोचला ते पाहून या, असं सरकारने त्यांना सांगितलं. पावसाच्या नोंदी तिथे जवळजवळ नव्हत्याच. गॉयडर घोड्यावरून निघाले आणि झाडझाडोरा पाहत गेले. सॉल्टबुश नावाचं खारट पानांचं खुरटं झुडूप लागलं की तिथला पाऊस भरवशाचा नाही, असं धरून त्यांनी रेघ ओढली. दक्षिणेला नांगर चालवा, उत्तरेला मेंढरं चारा. आजच्या मोजणीने ही रेघ साधारण २५० ते ३०० मि.मी. पावसाच्या आसपास येते. आमच्या माण तालुक्यात याहून जास्त पाऊस पडतो आणि तरी आपण त्याला दुष्काळी म्हणतो. पण तिथला पाऊस थंडीत पडतो, ऊन कमी असतं, ओल टिकते. म्हणून एवढ्याशावर गहू येतो.

पुढे १८७० नंतर काही वर्षं पाऊस बरा झाला. नांगर जाईल तिथे पाऊस मागोमाग येतो, असं लोक म्हणू लागले. १८७४ साली सरकारनेही रेघेची अट काढून टाकली. माणसं उत्तरेला सरकली, दगडी घरं बांधली, गहू पेरला. एका गावाला तर फरिना, म्हणजे ‘पीठ’, असं नाव मिळालं. १८८० नंतर पाऊस पुन्हा मूळपदावर आला आणि एकेक कुटुंब चंबूगबाळं आवरून परतलं.

ही हकीकत मी थोडीफार वाचली होती. ती मला नीट सांगितली हॉकर गावच्या तळावर भेटलेल्या एका म्हाताऱ्याने. सौ. भाकरी थापत होती, तो आवाज ऐकून शेजारच्या गाडीतली बाई पाहायला आली आणि तिच्या मागोमाग तो. दोघे गव्हाचे शेतकरी. सौ.ने गरम भाकरीवर पिठलं घालून दिलं. दुसऱ्या रात्री त्या बाईने विस्तवात भाजलेला ‘डँपर’ आणला. हा डँपर म्हणजे आपल्या रोडग्याचा थोरला भाऊ. दोघींना एकमेकींची भाषा अजिबात येत नव्हती. तरी तास-तास बोलत बसत, आणि सौ. मला नंतर सगळं सांगे. तिला ते कसं कळे, देव जाणे.

त्यांची जमीन ओरोरूच्या बाजूला, रेघेच्या अगदी काठावर. चार हजार एकर. सौ.ने मला दोनदा विचारलं, चाळीस की चार हजार? एवढं रान मुलगा आणि सून दोघंच करतात. मी म्हटलं, ‘‘मग ऐन पेरणीत तुम्ही इथे कसे?’’

म्हातारा हसला नाही. तिथे एप्रिलच्या अखेरीला पेरणीची घाई सुरू होते. २०२४ साल फार कोरडं गेलेलं, त्यात २०२५ लाही पावसाने ओढ दिलेली. मुलगा धूळपेरणी करत होता. त्याबद्दल बापाची तक्रार नव्हती. दुखणं होतं उत्तरेकडच्या रानाचं. तरुणपणी चार बरी वर्षं आली, तेव्हा याने ते रान स्वतः मोडलं होतं, दगड वेचून गव्हाखाली आणलं होतं. मुलाने ते गव्हातून काढलं आणि तिथे मेंढरांसाठी सॉल्टबुशची रोपं लावली. गॉयडरने जे झुडूप पाहून घोडा मागे वळवला, तेच झुडूप मुलाने विकत आणून लावलं! बाई म्हणाली, ‘‘घरी असता तर हा रोज त्या रानाच्या कडेला जाऊन उभा राहिला असता. मुलगा काही बोलला नसता, पण त्याचं कामात लक्ष लागलं नसतं. म्हणून मीच गाडी जोडायला लावली.’’ जमीन अजून दोघांच्या नावावर आहे. मुलगा खंड देतो, तो किती आणि कधी ते लिहून ठेवलं आहे. कुठे काय पेरायचं, ते मात्र मुलाने ठरवायचं.

मला आपल्याकडचे बांध आठवले. नोकरीच्या तीस वर्षांत हे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. सातबारा बापाच्या नावावर, पीककर्जाला बापाची सही, आणि पन्नाशीला आलेला मुलगा खताच्या गोणीसाठी बापापुढे उभा. उलट सगळं मुलाच्या नावावर करून देऊन दोन घासांना मिंधे झालेले म्हातारेही पाहिले. खंड लिहून ठेवणारा बाप मात्र क्वचितच भेटला. घरच्या घरात कसला कागद, असं म्हणतात. पेरणी पोरांवर टाकून माउलीच्या पालखीबरोबर चालू लागणारे आपल्यातही आहेत. पण वाटेत भेटेल त्याला तेही विचारतातच, आमच्याकडे पडला का?

सकाळी बरोबरच निघालो. क्वॉर्नच्या रस्त्यावर कन्याका नावाच्या मेंढवाड्याची पडकी दगडी घरं आहेत. १८५२ साली तो सुरू झाला, पुढे सत्तरेक कुटुंबं तिथे नांदली, आणि दुष्काळाने मोडला. ज्याने तो सुरू केला तो त्याच वर्षी ओढ्याच्या पुरात बुडून मेला. छप्पर नसलेल्या खोलीत म्हातारा बराच वेळ उभा होता. मी काही बोललो नाही.

पोर्ट ऑगस्टापासून पुढे स्टुअर्ट महामार्ग सुरू होतो. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला चाकावरचं एक बोट उचलून रामराम करतो. संध्याकाळ झाली की गाडी थांबवायची, कारण कांगारू आडवे येतात. ग्लेनडाम्बो ते कूबर पेडी अडीचशे किलोमीटरमध्ये एकही पेट्रोल पंप नाही, आणि बराच पट्टा फोनही लागत नाही. रात्री मुक्कामाला चार-सहा गाड्या जमत, खुर्च्या गोल मांडल्या जात. कुणी निवृत्त नर्स, कुणी ट्रक चालवणारा. पण म्हाताऱ्याचं लक्ष ढगांकडे. तिथे एका रात्री सौ. मला हळूच म्हणाली, ‘‘तुम्ही निवृत्त झाल्यावर गावी राहायचं म्हणता. शेत धाकटे भावजी करतात. तुम्ही त्यांच्या बांधावर जाऊन उभे राहणार का?’’ मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

कूबर पेडीला लोक उन्हाच्या भीतीने जमिनीखाली घरं कोरून राहतात. तिथे फोन लागला. मुलाने सांगितलं, चार मि.मी. झाला. म्हाताऱ्याने विचारलं, वरच्या रानात किती? पुढे आणखी काही विचारणार तोच बाईने फोन घेतला आणि नातवंडांची चौकशी सुरू केली.

ॲलिस स्प्रिंग्जहून आम्ही माघारी वळलो, ते दोघे वर डार्विनकडे गेले. ऑगस्टमध्ये बाईचा निरोप आला. गहू उगवला, पण विरळ आहे. वरच्या रानातली झुडपं जगली. आम्ही अजून डार्विनलाच आहोत, परत जायचं नाव याने अजून काढलेलं नाही.