तासाला तास

"मामा, कॉम्प्युटर म्हणतो यात काहीच नाही," भाची फोनवर म्हणाली. तिच्या हातातल्या कॅमकॉर्डरच्या चिमुकल्या पडद्यावर त्याच वेळी तिच्या आईवडिलांचं लग्न चालू होतं. सनईचा आवाज मला फोनवरही येत होता.

काहीच नाही असं नव्हतं. मेमरी कार्डावरचे चार धूसर फोटो कॉम्प्युटरला दिसले होते. व्हिडिओ तेवढा नाही. वायर बदलून झाली, ड्रायव्हर टाकून झाला, कॉम्प्युटर बंद-चालूही करून झाला. दुखणं भलतीकडेच होतं. मिनी-डीव्ही कॅसेट 1995 साली आली. तिला सेकंदाला 25 मेगाबिट माहिती वाहून नेणारी वाट लागते आणि त्या काळच्या यूएसबीची धाव जेमतेम 12 पर्यंत. त्यामुळे यूएसबीकडे फोटोंची किरकोळ ने-आण आणि खरं चित्रीकरण फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीकडे, अशी वाटणी झाली. फायरवायरचं चार पिनांचं भोक कॅमेऱ्यावर रबरी झाकणाखाली असतं आणि शेजारी 'डीव्ही' लिहिलेलं असतं, तेही चष्म्याशिवाय न दिसणारं.

बरं, ते सापडलं तरी 'कॉपी' होत नाहीच. फितीवर फाइल नावाची गोष्टच नसते. 6.35 मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर तिरप्या रेघा असतात, आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका चित्राला बारा. कॅमेऱ्याने कॅसेट वाजवायची आणि कॉम्प्युटरने ती टिपून घ्यायची. तासाच्या कॅसेटला तास लागतो, जागा साधारण 13 जीबी. भाची वैतागली. मला ही पद्धत मनापासून आवडते. घरच्या चित्रीकरणाकडे इतका वेळ नाहीतर कोण देतो?

कॅसेट उतरवतानाच्या त्या तासात मला पडद्यावर एक लाइटवाला पोरगा भेटला.

लग्नाचं अधिकृत शूटिंग दुसऱ्याकडे होतं. हा कॅमेरा नवऱ्यामुलाच्या मित्राच्या हातात. म्हणून शूटिंगवाल्याच्या कॅसेटमध्ये जो कधीच दिसला नसता, तो इथे सगळीकडे आहे. पंधरा-सोळा वर्षांचा, मोठ्या भावाचा असावा असा ढगळ शर्ट. एका हातात डोक्यावर उंच धरलेला हॅलोजन, दुसऱ्या हाताने मागची वायर सोडवणं चालू. "वायर बघा, काकू, वायर!" त्याने प्रकाश वळवला की तिकडची माणसं बदलतात. पंगतीत तर बघत राहावं. आत्या पदर सावरून मान वळवतात. एक काका जिलबीचा घास गालात धरून पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे समोर बघतात. मुलीचे वडील मागून ओरडतात, "ताटाकडे घे, ताटाकडे!" प्रकाश पुढे सरकला की सगळ्यांचे जबडे पुन्हा चालू. मंगलाष्टकांच्या वेळी पोरगा घामाने निथळतोय, अक्षता त्याच्याही डोक्यावर पडताहेत आणि अंतरपाट दूर झाला त्या क्षणी तो वधूवरांकडे न बघता वर, दिव्याच्या कोनाकडे बघतोय. सगळे उठल्यावर तो हॅलोजन खुर्चीवर उलटा ठेवतो, बोटांवर फुंकर मारतो आणि वाढप्याला खुणेने विचारतो, मठ्ठा उरलाय का.

अधिकृत व्हिडिओत यातलं काही नाही. तिथे मिक्सिंगवाल्याने बदामाच्या आकारात जोडपं बसवलंय, गुलाबाच्या पाकळ्या उडवल्यात आणि वर सिनेमाचं गाणं टाकून भटजींचा खोकला, "अहो, अक्षता संपल्या" हा गलका, सगळं पुसलंय. माझं मत विचाराल तर कच्ची फीतच खरी.

भाचीचं काम शेवटी जुन्या डेस्कटॉपवर, फायरवायरचं कार्ड बसवून झालं. पुढे हे आणखी अवघड होणार. लॅपटॉपवरून ते भोक कधीच गेलं, आणि 2025 च्या मॅकओएस टाहोमधून तर फायरवायरची सोयच काढून टाकली. तेव्हा माळ्यावर अशा कॅसेट असतील तर या पावसाळ्याआधी उतरवून घ्या. आत ओल धरली की हे कॅमेरे दमटपणाची खूण दाखवून कॅसेट वाजवायलाच नकार देतात. आणि चालू कॅमेरा भंगारात देऊ नका. मिनी-डीव्हीचे नवे कॅमेरे आता कोणी बनवत नाही.