येथें पाहण्यासारखें काय आहे?

सुटीचे दिवस जवळ आले कीं आमच्या स्नेह्यांना एकाएकीं एकांताची ओढ लागते. "गर्दी नसेल असें एखादें ठिकाण सुचवा," अशी विचारणा आम्हांला दरवर्षीं चैत्रापासून होऊं लागते. ती करणारे गृहस्थ एक नसतात, दहा-पंधरा असतात; आणि एकांताची ही आवड देवानें आपणां एकट्यासच दिली आहे अशी त्यांतील प्रत्येकाची समजूत असते. महाबळेश्वरच्या बाजारांत खांद्यास खांदा लागतो म्हणून तक्रार करणारा प्रवासी दुसऱ्याच्या खांद्याचा तेवढा हिशेब ठेवतो. स्वतःचा खांदा त्याच्या गणतींत कधींच येत नाहीं. गर्दी ही नेहमीं इतरांची असते; आपली असते ती सहल!

आमचें वास्तव्य खानदेशांत असल्यामुळें हा प्रश्न आमच्याकडे यावा हें एका परीनें योग्यच आहे. जळगांवच्या स्थानकावर उतरणाऱ्या परक्या प्रवाशाकडे पाहिलें म्हणजे या मुलखाचें भाग्य व दुर्भाग्य एकदमच ध्यानांत येतें. तो येथें उतरतो खरा, पण येथें येत नाहीं. त्याला जावयाचें असतें अजिंठ्याला, आणि अजिंठा येथून सुमारें साठ किलोमीटर. स्थानकाबाहेर मोटार ठरवावी, लेणीं पाहावीं आणि रात्रीच्या गाडीनें परत फिरावें, एवढाच त्याचा व आमचा संबंध. त्याला दोष तरी कसा द्यावा? "तुमच्या खानदेशांत पाहण्यासारखें काय आहे?" असें कोणीं विचारलें तर आमच्यापैकीं दहांतले नऊ जण, "छे हो, येथें काय असणार! ऊन आणि केळीं!" असेंच सांगतील. हें उत्तर वरकरणी विनयाचें वाटतें. वस्तुतः तें अज्ञानाचें आहे.

आतां उन्हाची गोष्ट कोणी नाकारणार नाहीं. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो आणि दुपारीं रस्त्यावर चिटपाखरूं दिसत नाहीं. परंतु येथील शांततेचें कारण आमच्या मतें ऊन एवढेंच नसून सुट्यांचें पंचांगहि आहे. मध्यमवर्गाची सुटी आणि थंड हवेचें ठिकाण यांचें लग्न इंग्रज अंमलदारांनीं लावून दिलें. १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांनीं महाबळेश्वरीं वसाहत उभारण्यास आरंभ केला. १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरान चढून गेले. आणि उन्हाळा आला कीं डोंगर गाठावा ही रीत पडली. साहेब गेला, पण त्याचा मे महिना आपल्या घरीं राहिला. खानदेश हा त्या महिन्याचा प्रदेशच नव्हे. आखाजीच्या दिवसांत येथें यावें तें सासुरवाशिणींनीं. झाडाला झोका बांधून गाणीं म्हणणाऱ्या त्या माहेरवाशिणींना ऊन लागत नाहीं. इतरांनीं यावें तें श्रावणापासून माघापर्यंत. श्रावणांत कानबाईच्या उत्सवासाठीं दूरदूरचीं भावंडें एका घरीं जमतात. पौषांत पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगीं भाजून शेताशेतांतून भरिताचे बेत होतात. दिवाळीच्या सुटींत तर हवा इतकी निवळ असते कीं सातपुड्याची निळी रेघ दूरवरून स्पष्ट दिसते.

या दिवसांत आम्ही पाहुण्यास प्रथम नेतों तें पाटणादेवीस. चाळीसगांवापासून अठरा-एक किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशींत, चंडिकेचें तें दगडी देऊळ उभें आहे. भोंवतालचें रान १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यांत मोडतें. नवरात्रांत येथें पाय ठेवण्यास जागा नसते. पण मार्गशीर्षांतील एखाद्या बुधवारीं गेलें तर पुजारी, एखादी फुलवाली आणि वानरें यांच्याखेरीज सहसा कोणी भेटत नाहीं. या ठिकाणचा एक शिलालेख मात्र प्रत्येक सुशिक्षितानें ठाऊक करून घ्यावा असा आहे. शके ११२८ मधील देणगीचा त्यांत उल्लेख आहे. 'सिद्धांतशिरोमणि'कार भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ पढविले जावे यासाठीं त्यानें येथें मठ स्थापिला आणि निकुंभ वंशांतील सोइदेव यानें त्यास दान दिलें. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतांत आहे; पण मठासाठीं कोणीं काय द्यावें हा तपशील आला कीं लेख मराठींत उतरतो, आणि तेल्याच्या दर घाण्यामागें पळीभर तेलाची नोंद होते. स्तुति संस्कृतांत आणि हिशेब मराठींत! आठशें वर्षांपूर्वींचें हें विद्यालय पळीपळीनें जमविलेल्या तेलावर चालावयाचें होतें, हें वाचल्यावर अध्यापनांत आयुष्य घालविलेल्या माणसास तेथून लौकर उठवत नाहीं.

पायांत बळ असेल त्यानें तेथून दरीच्या वाटेनें पितळखोऱ्यास जावें. तीं बौद्ध लेणीं कन्नड तालुक्यांत, म्हणजे घाटावर, आहेत. पण त्यांचें तोंड आमच्या रानाकडे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत त्यांचें खोदकाम सुरू झालें, म्हणजे अजिंठ्याच्या अगदीं जुन्या लेण्यांचीं तीं समवयस्क. तेथें सांपडलेली यक्षाची हसतमुख मूर्ति कान्हदास नांवाच्या सोनारानें घडविली, असें त्या मूर्तीवरच कोरलेलें आहे. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. परतीच्या गाडीला अवकाश असल्यास चाळीसगांव स्थानकाजवळ केकी मूस यांचें घर पाहावें. छायाचित्रणांत देशोदेशींचीं पारितोषिकें मिळविणाऱ्या या कलावंतानें (१९१२-१९८९) सुमारें पन्नास वर्षें जवळजवळ घराबाहेर न पडतां काढलीं. गर्दी नसलेलें ठिकाण शोधण्यासाठीं त्यांना आगगाडीचें तिकीट काढावें लागलें नाहीं.

तापीच्या उत्तरेस गेलें कीं मुलूख बदलतो. चोपडें तालुक्यांत अडावदजवळ उनपदेवाचा ऊन पाण्याचा झरा आहे. रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पोटीं पाल हें गांव आणि त्याला लागून यावलचें अभयारण्य आहे. मुक्ताईनगर तालुक्यांत तापी व पूर्णा जेथें मिळतात तेथें चांगदेवाचें प्राचीन देऊळ आहे. हा चांगदेव निराळा; पाटणचा ज्योतिषी, आणि हा ज्ञानेश्वर-मुक्ताईंच्या कथेंतला योगी. एकाच जिल्ह्याच्या दोन टोंकांना एकाच नांवाचे दोन पुरुष, एक गणिताचा आणि एक योगाचा, अशी ही मौज आहे. आणि कोणास थंड हवाच हवी असेल तर त्यानें तोरणमाळ गाठावें. हजार मीटरांहून उंच असलेलें हें तळ्याकांठचें पठार १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत होतें, आतां नंदुरबार जिल्ह्यांत आहे.

धुळ्याची थोरवी निराळी आहे. १९३२ सालीं येथील तुरुंगांत विनोबांनीं अठरा रविवार गीतेवर प्रवचनें दिलीं आणि तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशीं याच गांवीं निवर्तले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें आहे. समर्थ वाग्देवता मंदिरांत शंकर श्रीकृष्ण देवांनीं गांवोगांव हिंडून जमविलेलीं रामदासी हस्तलिखितें आहेत. पण धुळें जिल्ह्यांतील आमचें आवडतें दर्शन देवळाचेंहि नव्हे आणि ग्रंथालयाचेंहि नव्हे. तें साक्री तालुक्यांत, पांझरेच्या कांठीं घडतें. नदीवर लहानसा दगडी बंधारा, त्यांतून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले मोठमोठे 'फड'. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पाण्याची पाळी ठरलेली, आणि ती सांभाळण्यास गांवानें नेमलेला पाटकरी. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळें उंसाचा लाभ एकालाच आणि कोरडें रान दुसऱ्यालाच असें होत नसे. वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरी वाढल्या, आणि ही पद्धति पुष्कळ ठिकाणीं मोडली. तरी जेथें ती टिकली आहे तेथें घटकाभर उभें राहिल्यास सहकार या विषयावरचें सर्वोत्तम व्याख्यान पाण्याच्या आवाजांत ऐकूं येतें.

इतकें लिहून झाल्यावर आमच्या घरीं दोन तट पडले. आमच्या कुटुंबाचें म्हणणें असें कीं, हा लेख छापूंच नये. "आज तुम्ही नांव छापाल आणि पुढच्या वर्षीं त्या ओढ्यांत वेफर्सच्या पिशव्या तरंगतील. कासच्या फुलांचें काय झालें तें पाहिलेंत ना? माणसें मोजून आंत सोडावीं लागतात!" हा आक्षेप फेंकून देण्यासारखा नाहीं. इंग्रजी वाङ्मयांत त्याचें एक प्रख्यात उदाहरण आहे. वर्ड्स्वर्थ कवीनें १८१० मध्यें आपल्या सरोवरप्रांताचें मार्गदर्शक लिहिलें आणि त्याच्या पुढें आवृत्त्या निघाल्या. मग १८४४ मध्यें त्याच प्रांतांत आगगाडी येणार असें ठरतांच हाच कवि तिच्याविरुद्ध वृत्तपत्रांतून पत्रें लिहूं लागला. लोकांना वाट दाखवावयाची आणि लोक त्या वाटेनें आले कीं संतापावयाचें, हा कविश्रेष्ठाचा विसंवाद आमच्यासारख्या सामान्य लेखकाच्या वांट्यास यावयास वेळ लागणार नाहीं.

दुसरी बाजू आम्हांला पालच्या वाटेवर एका चहावाल्यानें सांगितली. "येथें किती शांत आहे हो!" असें आमच्या सोबतचे पाहुणे म्हणाले, तेव्हां तो कपबशा विसळतां विसळतां म्हणाला, "सर, चार मानसं आली त माह्यं पोरगं सुरतेले जानार नाई." पाहुणे गप्प झाले. आपण ज्याला शांतता म्हणतों ती येथल्या माणसाच्या दृष्टीनें रिकामी बांकें असतात. शिवाय हीं स्थळें निर्जन आहेत हाहि आपलाच भ्रम. सातपुड्यांत पावरा आणि तडवी कुटुंबें पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत. देवीला नवस फेडावयास येणारे कुणबी, गुजर, भिल्ल यांची वहिवाट कधींच मोडलेली नाहीं. एखादें ठिकाण 'अज्ञात' आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तें आपल्याला ठाऊक नव्हतें एवढाच त्याचा अर्थ.

आमचा कौल शेवटीं लिहिण्याच्या बाजूनें पडला, आणि तो पाटणच्या शिलालेखानेंच पाडला. चांगदेवाचा तो दगड सुमारें साडेसहाशें वर्षें येथें पडून होता. ऊनपाऊस खात होता. गर्दीनें त्याची हानि केली नाहीं, पण एकांतानें त्याला राखलें असेंहि नव्हे. १८६५ च्या सुमारास डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं त्याचा परिचय विद्वानांना करून दिला, तेव्हां कोठें भास्कराचार्यांची वंशपरंपरा आणि त्या मठाची हकीकत जगाला कळली. मुंबईचा एक वैद्यक जाणणारा मनुष्य आडरानांतल्या देवळाकडे वळला नसता तर कोण जाणे, तो दगड एखाद्या गोठ्याच्या पायांतहि गेला असता. गर्दीनें स्थळें झिजतात हें खरें. पण उपेक्षेनें तीं मरतात. या दोहोंच्या मधलें असें जें कांहीं आहे, म्हणजे थोड्या माणसांचें पुष्कळ लक्ष, तें खानदेशास हवें आहे.

तेव्हां आमच्या स्नेह्यांनीं अवश्य यावें. मात्र दिवाळीनंतर यावें, आठवड्याच्या मधल्या वारीं यावें, आणि एका दिवसांत सहा स्थळें उरकण्याचा बेत घरीं ठेवून यावें. जेवण गांवांतच घ्यावें. कळण्याची भाकरी आणि शेवभाजी कोणीहि प्रेमानें वाढील. बरोबर आणलेला कचरा बरोबर न्यावा. देवळांत शिरतांना "येथें पाहण्यासारखें काय आहे?" असें पुजाऱ्यास विचारूं नये, त्याऐवजीं तो लेख कोठें आहे तें विचारावें. दहा जणांनीं तसें विचारलें तर अकराव्यास पुजारी तो आपण होऊन दाखवील, आणि गांवांतलीं मुलें त्यावर चढून बसण्याच्या आधीं एकदां तरी तो वाचून पाहतील.

आमच्या कुटुंबाचा मानहि राखणें प्राप्त आहे. म्हणून या जिल्ह्यांतील आणखी एका ठिकाणाचें नांव आम्हीं मुद्दाम येथें घातलेलें नाहीं. एक ओढा, एक पडकी पायऱ्यांची विहीर आणि तीन आंब्यांची झाडें एवढाच त्याचा पसारा. वर सांगितलेलीं स्थळें पाहून, पांझरेच्या पाटावर घटकाभर बसून आणि पालच्या त्या चहावाल्याकडे दोन कप चहा घेऊन जो वाचक आमच्याकडे येईल, त्याला तेथें आम्ही स्वतः घेऊन जाऊं.