झारींतील दहिंवर

भोईवाड्यांत बाग म्हणजे काय, हें परळच्या रहिवाशांस सांगणें नको. आमच्या बिऱ्हाडामागें दोन हात रुंदीची जी माती आहे, तींत जास्वंद, सदाफुली व अबोली एवढींच झाडें. पण गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमची प्रत्येक सकाळ त्यांनींच घेतली.

सातच्या सुमारास दोन चाळींमधील फटींतून ऊन तिरपें येतें. त्या वेळीं किरणांस हवेचा मोठा थर ओलांडावा लागतो. निळा रंग वाटेंतच विखुरतो, आणि फुलावर उतरतो तो मवाळ, सोनेरी प्रकाश. फूल आपल्या व सूर्याच्या मध्यें ठेवावें, म्हणजे पाकळी आंतून उजळते. कन्येनें झारी धरली, आम्हीं कॅमेरा. सेकंदाच्या साठाव्या भागांत टिपलेलें पाणी नुसते दोरे दिसलें. हजाराव्या भागांत मात्र थेंब न् थेंब हवेंत उभा राहिला. (मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. त्या काळच्या मंद कांचांवर हेंच पाणी धुक्यासारखें उमटलें असतें!) पाकळीवर बसलेला एक थेंब तर भिंगच झाला होता, त्याच्या पोटांत मागील सदाफुली उलटी दिसत होती.

तें चित्र आम्हीं शाळेच्या प्रदर्शनांत लाविलें व खालीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें, ‘जास्वंदीवरील दहिंवर’. पाहुण्यांनीं वाखाणिलें. आम्हींही मान लववून तें स्वीकारिलें.

इतक्यांत सातवींतील एका मुलानें विचारिलें, “सर, हें केव्हांचें?”

“मे महिन्यांतलें.”

“मग दंव कसें पडलें?”

दंवास निरभ्र, निवांत व गार रात्र लागते, हा धडा त्यास आम्हींच शिकविला होता. ‘ही कविकल्पना आहे,’ असें उत्तर जिभेवर आलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. त्याची आई शेजारींच उभी होती. दादरच्या फुलबाजारांत तिचा धंदा. ती हंसून म्हणाली, “पाणी तर आम्हीही मारतो, सर. दंव म्हणून नाही विकत.”

पालकमंडळी हंसली. आमचे कान तापले. आम्हीं तेथेंच टांचणी काढून कागद उलटा केला व लिहिलें, ‘जास्वंदीवर झारीचें पाणी. भोईवाडा, मे.’

शनिवारीं तो मुलगा दारांत हजर. हातांत आईच्या दुकानांतील फवाऱ्याची बाटली. म्हणाला, “सर, झारीपेक्षां हिचे थेंब बारीक पडतात.”