पबचं दार कुणासाठी उघडं?

पब हा शब्द काढला की आपल्या समाजात दोन सूर उमटतात. तरुण म्हणतात, त्यात काय एवढं? वडीलधारे म्हणतात, पंचशील घेतलेल्या माणसाचं तिथे काय काम? दोन्ही बाजू आम्हाला कळतात. पण तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या दारातून आत कोण जाऊ शकतं आणि हे ठरवतं कोण?

मागे समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही चौघे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला गेलो होतो. तिथल्या एका ज्येष्ठ पंजाबी धम्मबांधवांनी आम्हाला शहराच्या मध्यभागातल्या पबमध्ये जेवायला नेलं. तिकडचा पब म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. म्हातारी जोडपी जेवत होती, एका टेबलावर लहान मुलंही होती. काउंटरवर जायचं, हवं ते सांगायचं, पैसे आधी द्यायचे आणि आपला ग्लास आपण उचलून आणायचा. तळलेला मासा, बटाट्याचे चिप्स, उकडलेले मटार आले. तिघांनी संत्र्याचा रस घेतला, एकाने बिअर. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी आडनाव विचारलं नाही.

आम्ही खूश झालेलो पाहून ते ज्येष्ठ हसले. म्हणाले, "हे फुकट मिळालेलं नाही बेटा." साठच्या दशकात ते इथल्या भट्टीकामाच्या कारखान्यात लागले. तेव्हा काही पबमध्ये काळ्या आणि आशियाई माणसांना साध्या बारमध्ये उभं राहू देत, पण आतल्या चांगल्या खोलीत बसू देत नसत. जवळच्या स्मेदिकमध्ये इंडियन वर्कर्स असोसिएशनने या वर्णबंदीविरुद्ध लढा दिला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी संघटनेचे अवतार सिंग जौहल माल्कम एक्स यांना तिथल्या ब्लू गेट्स पबमध्ये घेऊन गेले. आतल्या खोलीत त्यांना पेय नाकारलं गेलं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदविरोधी कायदा आला आणि पब, हॉटेलात रंगावरून सेवा नाकारणं बेकायदा ठरलं.

इथपर्यंत ऐकायला बरं वाटतं. पण ते पुढे म्हणाले, "गोऱ्याच्या नजरेत मी काळा होतो. माझ्याच पंजाबी माणसाला माझी जात कळली की तो माझ्या ग्लासाला हात लावेना. मग मी चमार होतो."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकात आम्ही वाचलं होतं की माणूस स्थलांतर करतो तेव्हा जात सोबत नेतो. त्या टेबलावर ते समजलं. रंगाविरुद्ध कायदा झाला, जातीविरुद्ध मात्र नाही. २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद होती, २०१३ मध्ये संसदेने ती सरकारवर बंधनकारकही केली. तिथल्या अनेक हिंदू संघटनांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये सरकारने असा कायदा करणार नाही असं जाहीर केलं. रंगभेदाचे चटके सोसलेल्या समाजातले लोक जातीचं नाव निघताच गप्प का होतात?

आपल्याकडे काय आहे? बडोद्यात ज्यांना पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं, त्या बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लिहिलेल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं यांत जातीवरून मज्जाव करता येणार नाही, हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ब्रिटनच्या पंधरा वर्षं आधी. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार हॉटेलात भांडी वापरू न देणंही गुन्हा आहे. तरीही चहाच्या टपरीवर वेगळा कप ठेवणारी गावं अजून आहेत.

म्हणून वडीलधाऱ्यांना आमचं सांगणं आहे की पाचवं शील आणि प्रवेशाचा हक्क यांची गल्लत करू नका. शील आपण स्वतः घेतो, ते पाळणं आपलं काम. मज्जाव दुसरा लादतो, तो मोडणं आपलं कर्तव्य. दारू न पिणारा बौद्धसुद्धा पबच्या टेबलावर बसण्याचा हक्क सोडणार नाही.

आणि तरुणांना सांगणं एवढंच की शहरात तुम्हाला कुणी आडनाव विचारत नाही याचा आनंद जरूर घ्या. पण गावी गेलात की टपरीवरचा कपही बघा. वेगळा दिसला तर तिथेच विचारा आणि ऐकलं नाही तर तक्रार नोंदवा.

जय भीम!