घे, जा, टाक

माद्रिदमध्ये मी राहते त्या वस्तीचं नाव लाबापिएस. नावात 'धू' आणि 'पाय' असे दोन शब्द आहेत, म्हणजे आपल्या मुंबईची पायधुनीच. तीन नंबरच्या मेट्रोतून वर आलं की चढाच्या गल्ल्या आणि बांगलादेशी किराणा दुकानं. इथल्या भाषेत मात्र स्वतःचे पाय धुवायचे तर नुसतं 'लाबार' पुरत नाही, 'लाबार्से' लागतं. मी धुतले तर त्या 'से'चं 'मे' होतं, तू धुतलेस तर 'ते'.

वर्गात हे 'से' इंग्रजीतून शिकवलं गेलं: 'से' म्हणजे 'स्वतःला'. धुण्या-उठण्यापर्यंत ते जमलं. मग 'इर्से' आलं आणि मी अडले. 'इर' म्हणजे जाणं. मग 'स्वतःला जाणं' हे काय? पश्चात्ताप होण्याचं 'आरेपेंतिर्से' तर 'से' काढलं की उरतच नाही. दोन महिने मी नुसतं पाठांतर केलं.

उलगडा फोनवर झाला. रविवारी पेडगावहून आईनं नेहमीसारखं विचारलं, "काय करायलीस? आधी जेवून घे बरं." 'जेव' नाही, 'जेवून घे'. हा 'घे' मी जन्मापासून ऐकतेय, पण त्या दिवशी तो कानात अडकला. चहा करून दे म्हटलं की चहा दुसऱ्याचा, करून घे म्हटलं की आपला. हा भेद संस्कृतात क्रियापदाच्या प्रत्ययातच होता. पुरोहित यजमानासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति', यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा 'यजते'. शाळेत परस्मैपद आणि आत्मनेपद घोकलं होतं, त्याचा खरा अर्थ मला माद्रिदमध्ये कळला. मराठीत ते प्रत्यय राहिले नाहीत, पण 'घे' आणि 'दे' तेच काम करतात.

मग मी वहीचं पान उलटलं आणि इंग्रजी बाजूला ठेवलं. 'इर' म्हणजे जाणं, 'इर्से' म्हणजे निघून जाणं. 'दोर्मीर' म्हणजे झोपणं, 'दोर्मीर्से' म्हणजे झोप लागणं. 'कोमेर' म्हणजे खाणं, 'कोमेर्से' म्हणजे खाऊन टाकणं, ताटात काही न उरवता. सगळ्याच जोड्या अशा जुळत नाहीत, पण दार उघडलं होतं. 'मे लाबो लास मानोस' या वाक्यात 'माझे' कुठंच नाही, नुसते 'हात'. 'हात धुऊन घेते' म्हटल्यावर आपल्याकडं तरी कोण विचारतं, कुणाचे? मराठी मुलांना स्पॅनिश शिकवायची तर मराठीतूनच शिकवावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

माझं सगळ्यात आवडतं 'से' वेगळंच आहे. शेजारच्या आजींकडे माझ्याकडून त्यांचा जुना कप फुटला. मी म्हणाले, 'से मे कायो'. कप पडला, आणि ते माझ्या बाबतीत घडलं. आपण 'हातून पडला' म्हणतो ना, तेच. हात माझाच होता हे त्यात कबूल आहे, पण मनात तसं नव्हतं हेही त्याच वाक्यात आलं. आजींनी तुकडे गोळा करता करता माझा हात कापला नाही ना, ते पाहिलं.

गावाचं नाव सांगितलं की मराठी माणूस म्हणतो, वेड पांघरून पेडगावला? ते पेडगाव श्रीगोंद्याचं, भीमेकाठचं, बहादूरगडाचं; आमचं परभणीचं, काळ्या रानाचं. तरी ती म्हण माझीही आहे, असं मी मानते. स्पॅनिशमध्ये वेड पांघरण्याला 'आथेर्से एल लोको' म्हणतात, शब्दशः स्वतःला वेडा करून घेणं. तिथंही 'से', इथंही 'घेणं'. हे आजींना समजावताना अर्धी दुपार गेली आणि त्यांनी ते पेडगावच्या नावासकट लिहून घेतलं.

एक 'से' मात्र अजून तोंडातून निघत नाही. घरातून निघताना इथं म्हणतात 'मे बोय', निघाले. आमच्या उंबऱ्यावर 'जाते' म्हटलेलं आईला चालायचं नाही; 'येते' म्हणायचं. गेल्या दिवाळीत बॅग घेऊन जिन्यात उभी राहिले आणि आजींना म्हणाले, "आओरा बेंगो." त्यांनी बॅगेकडं बघितलं. हे तर कोपऱ्यावरून पाव आणायला जाताना म्हणतात, दहा मिनिटांसाठी. मी सांगितलं, आमच्याकडं कितीही दिवसांसाठी निघालं तरी हेच म्हणतात.

त्यांनी दाराची कडी धरून थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "पुएस, बेन." बरं मग, ये.